फळी ठेवली होती का?

पाथरी तालुक्यातून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. या मुलाने आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा कोर्स केला, पाच वर्षे पुण्याकडे कारखान्यात काढली आणि आता गावी परत येऊन शेतातल्या गोठ्याशेजारी पत्र्याचे शेड उभारले आहे. जुना सहा फुटी लेथ ठरवून त्याचा इसारही दिला आहे. तो लिहितो, "लेथ ट्रॉलीतून येणार आहे. गल्लीतली आठ-दहा पोरे जमा करतो आणि हातोहात उतरवून घेतो. पाया कसा घालावा तेवढे आपल्या सदरातून कळवावे."

पायाचे पुढे पाहू. पत्रातला 'हातोहात' हा शब्द वाचला आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक नसेल, पण माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेची दोन पेरे नाहीत. पुष्कळ वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. मृगाच्या तोंडावर पेरणीच्या अवजारांची कामे साचलेली, मिस्त्री जेवायला घरी गेलेला. एक शाफ्ट चार जबड्यांच्या चकात धरायचा होता, म्हणून तीन जबड्यांचा चक काढायला घेतला. शेकडो वेळा काढलेला. आट्यांवर बसणारा चक होता तो. एका हाताने फिरवत गेलो, दुसरा हात खाली आधाराला. शेवटची आटी सुटली तेव्हा तेलकट चक घामेजलेल्या हातातून सटकला आणि बोटे चक नि बेड यांच्यामध्ये सापडली. बोटात तांब्याची अंगठी होती. बोट असे सुजले की दवाखान्यात आधी ती अंगठी कापावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी एकच विचारले, "खाली काही ठेवलं नव्हतं का?" नव्हते. बेडवर एक साधी लाकडी फळी असती तर चक फळीवर पडला असता आणि मी शिवी देऊन पुढच्या कामाला लागलो असतो.

तेव्हापासून शेडातून घण-हातोड्याचा आवाज थांबला की आमच्या घरातून हाक येते, "अवं, फळी ठिवली का?" शेजारीपाजारी हसतात. हसू देत.

हे सांगायचे कारण असे की मी त्या दिवशी अशक्त नव्हतो आणि अडाणीही नव्हतो. चक उचलण्याची ताकद होती. तो किती जड आहे, सुटला तर कुठे जाईल आणि काढल्यावर कुठे ठेवायचा, हे तीन प्रश्न मात्र मी स्वतःला विचारलेच नव्हते. गावातल्या शेडात लोखंडाने जे हात-पाय मोडतात, ते बहुतेक या तीन प्रश्नांच्या अभावी मोडतात असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. लोखंडाचे वजन डोळ्याला दिसत नाही. कापसाची गाठ किंवा कडब्याची पेंढी पाहून आपल्याला अंदाज येतो, कारण ती आपण लहानपणापासून उचलली आहे. लोखंड मात्र लहान दिसते नि जड निघते. यावर सोपा हिशेब आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेवढ्याच जागेत मावणारे बीड सव्वासात किलोच्या आसपास आणि पोलाद पावणेआठ किलोच्या वर भरते. तेलाचा पंधरा लिटरचा डबा डोळ्यांसमोर आणा. तो डबा बिडाने गच्च भरला तर १०८ किलो होईल, म्हणजे क्विंटलभर ज्वारीचे पोते त्या एका डब्यात! दहा इंची चक घ्या. व्यास २५ सेंटिमीटर, जाडी ८ सेंटिमीटर धरली तर चार लिटरला थोडा कमी आकार होतो आणि वजन जाते २५ ते २८ किलोवर. मापाची टेप आणि शाळेत जाणारे पोर, एवढ्यावर हा हिशेब होतो. सातवी-आठवीतल्या मुलाला वर्तुळाचे क्षेत्रफळ काढता येते, त्यालाच काढायला लावा. त्याचा गृहपाठ होईल आणि तुमची कंबर वाचेल.

ट्रॅक्टरचे मागचे चाक काढताना आणखी एक फसगत होते. टायरात वजनासाठी पाणी भरलेले असेल तर प्रत्येक लिटरमागे एक किलो वाढला. चाक सुटे होईपर्यंत ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता आपल्या पाथरीकराचा लेथ. सहा फुटी लेथ बेडच्या रुंदीप्रमाणे पाच क्विंटलपासून टनापर्यंत काहीही भरू शकतो. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. मानवत-सेलूकडे जिनिंगपाशी कापसाच्या गाड्या तोलणारे वजनकाटे आहेत. रिकामी ट्रॉली तोला, लेथ भरून पुन्हा तोला, पावती खिशात ठेवा. समजा ८०० किलो भरला. आठ पोरांत वाटून प्रत्येकी क्विंटल झाला. पण वाटणी कधी सारखी होत नाही. लेथची हेडस्टॉककडची बाजू जड असते, तिकडच्या दोघांवर दीडपट येते. आणि एकाचा पाय घसरला की त्याचा वाटा पापणी लवायच्या आत उरलेल्यांच्या अंगावर जातो. माणसे भेदरली की सोडून देतात, तीही एकाच वेळी नाही.

माणसाने हाताने किती वजन वाहावे याची शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली केली होती. धडधाकट पुरुषासाठी जास्तीत जास्त ५५ किलो. आपल्या आडत बाजारात क्विंटलची पोती पाठीवर वाहिली गेली, ती वाहणाऱ्यांच्या पाठी आज काय म्हणतात ते त्यांच्या घरच्यांना विचारावे. युरियाची ५० किलोची गोणी २०१८ साली ४५ किलोची झाली. पण ती खत कमी वापरले जावे म्हणून, पाठीच्या दयेपोटी नव्हे. शिवाय गोणी मऊ असते, अंगाला बिलगते. लोखंडाला धरायला जागा नसते, वर तेल-ग्रीस. माझ्या शेडात मी २५ किलोची रेघ आखली आहे. त्यापुढचे काहीही असो, चेनकप्पी किंवा पहार.

चेनकप्पीवरून मुख्य गोष्ट निघते. ती टांगायची कशाला?

आपल्या परभणी भागात जुनी घरे माळवदाची. सागवानी तुळया भक्कम दिसतात आणि चेनकप्पी अडकवण्याचा मोह होतो. पण त्या तुळईच्या डोक्यावर आधीच वीतभर, कुठे हातभर माती आहे आणि पावसाळ्यात ती माती पाणी पिऊन जड होते. तुळईचे टोक भिंतीत कुठे वाळवीने पोखरले आहे ते बाहेरून दिसत नाही. तुळई मोडली तर नुसते इंजिन खाली येणार नाही, घर येईल. तेव्हा माळवदाखाली टांगणे अजिबात नको. पत्र्याच्या शेडाचे तसेच आहे. ती कैची पत्रे आणि वारा झेलण्यापुरती असते. कैचीच्या मधल्या अँगलला चेनकप्पी टांगून ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उचललेला मी पाहिला आहे. अँगल वाकला, तुटला नाही, म्हणून मिस्त्री दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच टांगत होता! वाकलेल्या लोखंडाने एकदा सूचना दिलेली असते. दुसऱ्यांदा ते देईलच असे नाही.

मग उरते तीन पायांची घोडी. जाड पाइपची, वर एका बोल्टात अडकवलेली, आणि खाली तिन्ही पाय एकमेकांना साखळीने बांधलेले, म्हणजे वजन आल्यावर ते फाकणार नाहीत. साखळी बांधायचा कंटाळा करू नका. फरशीवर पाय फाकायला क्षण लागत नाही. शेडाबाहेर जमिनीवर घोडी उभी करायची तर आणखी एक काळजी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की फुगते आणि मऊ होते. पायाखाली जाड बाभळीची फळी घाला. शहाबादी फरशीचा तुकडा नको, एका टोकावर वजन आले की ती तडकते. जॅकचेही हेच. काळ्या मातीवर नुसता जॅक लावला तर ट्रॅक्टर वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. आणि जॅकवर उचललेल्या वस्तूखाली लाकडी ठोकळे रचल्याशिवाय माणूस शिरता कामा नये. जॅकचे काम उचलण्याचे, धरून ठेवण्याचे काम ठोकळ्यांचे.

या घोडीचा एक प्रसंग आठवतो. जून महिना, आदल्या रात्री एक चांगली सर येऊन गेलेली. शेजाऱ्याचे डिझेल इंजिन पायावरून उचलून बैलगाडीत ठेवायचे होते. आम्ही चार बाप्ये चेनकप्पीभोवती, सगळ्यांचे डोळे इंजिनावर. माझी आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "थांबा रे, तो पाय खाली चाललाय." एकजण हसून म्हणाला, "आजी, तुम्ही तांदूळ बघा." मला कशी कोण जाणे बुद्धी झाली आणि मी साखळी सोडली. जाऊन पाहिले तर गोठ्याकडचा पाय चार बोटे रुतला होता आणि त्याच बाजूला शेजाऱ्याचा नातू उकिडवा बसून गंमत बघत होता. इंजिन खाली घेतले, फळ्या घातल्या, पोराला घरात पिटाळले आणि मग उचलले.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम असा आहे: उचला, सोडा, डावीकडे घ्या हे सांगणारा माणूस एकच. दोघांनी हुकूम दिला तर काम बंद. पण 'थांबा' हा शब्द कोणीही म्हणावा. म्हातारीने म्हणावे, सुनेने म्हणावे, पोराने म्हणावे. म्हटले की हात थांबलेच पाहिजेत, आणि कारण नंतर विचारायचे. दहा वेळा उगाच थांबावे लागले तरी कोणावर डाफरायचे नाही, नाहीतर अकराव्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. घरच्या शेडात घरचीच माणसे मदतीला असतात. वहिनी दोर धरतात, मुलगी बॅटरी दाखवते. कामात पुरुषांचे डोळे वजनावर चिकटलेले असतात, बाजूला उभ्या असलेल्या बाईला जास्त दिसते.

दोर आणि तारेविषयी थोडे कठोर बोलतो. मोटेच्या काळात शेतकऱ्याला दोराची अक्कल होती. नाडा कुठे झिजला, सोंदूर कुठे विरला हे रोज पाहिल्याशिवाय बैल जुंपले जात नसत. मोट गेली, मोटारी आल्या आणि त्याबरोबर ती सवयही गेली. विहीर खोदणाऱ्या यारीचा तार तुटून खालची माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, चुकचुकतो आणि आपल्या शेडात वर्षानुवर्षे उन्हात पडलेला प्लॅस्टिकचा दोर उचलून गिअरबॉक्सला बांधतो. परभणीचे ऊन प्लॅस्टिकच्या दोराचा जीव खाते. वरून रंग राहतो, आत पीठ होते. असा दोर उसाची मोळी बांधायला ठेवा. कोणत्याही दोराला गाठ मारली की गाठीपाशी त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते हेही ध्यानात असू द्या. तारेचे धागे तुटून टोचू लागले, तार चपटी झाली, तिला मुरड पडली किंवा गंज आत शिरला की ती कुंपणाला लावावी.

तारेचा फासा करून यू-क्लिपा लावताना आपल्याकडे हमखास उलट्या लावतात. क्लिपेचे दोन भाग असतात, गोल वाकवलेला बोल्ट आणि खाचांची बैठक. वजन ओढणाऱ्या लांब तारेवर बैठक यायला हवी आणि कापलेल्या आखूड टोकावर गोल बोल्ट. बोल्ट तारेला चेपतो. चेपायचीच असेल तर मेलेली बाजू चेपावी, जिवंत नव्हे. क्लिपा तीन तरी हव्यात, आणि पहिल्यांदा वजन घेतल्यावर नट पुन्हा आवळावेत, कारण ताण आला की तार बारीक होते.

सळई वाकवून घरी केलेला हूक, दाराची साखळी, बैलाची साखळी, यांना वजनाखाली जागा नाही. वजन उचलण्याच्या साखळीच्या कड्यांवर ८ किंवा ८० असा ठसा असतो. चेनकप्पीच्या हुकाचे तोंड उघडलेले दिसले तर तो ठोकून किंवा वेल्डिंग करून बंद करू नये, बदलावा. आणि हातसाखळी एका माणसाने ओढता आली पाहिजे. दोघांना लोंबकळावे लागत असेल तर एकतर वजन जास्त आहे नाहीतर आत काही अडकले आहे. कारखान्यांसाठी १९४८ साली कायदा झाला, त्यात अशा साखळ्या, दोर आणि कप्प्या वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घेण्याचे बंधन घातले गेले. आपल्या शेडात दोन-चार माणसे, तिथे कोण इन्स्पेक्टर येणार? दसऱ्याला हत्यारांची पूजा करतोच. त्याच्या आदल्या दिवशी हळदी-कुंकवाआधी चिंधी आणि रॉकेल घेऊन प्रत्येक कडी पुसून पाहावी. मी तसे करतो.

आता एक गोष्ट, जी चांगल्या चांगल्या मिस्त्रींना सांगितली तर पटत नाही. एका हुकातून दोन तारा खाली येऊन वस्तूच्या दोन टोकांना बांधल्या, तर प्रत्येक तारेवर निम्मे वजन येते असे वाटते. येत नाही. भरलेली घागर दोघींनी दोन बाजूंनी धरून चालून पाहावे. जवळ जवळ असल्या तर हलकी लागते. लांब सरकल्या, हात आडवे झाले, की खांदे निखळायला येतात. घागर तीच. तारेचेही तसेच. ८०० किलोचा लेथ आहे. तारा आणि मधले अंतर मिळून तिन्ही बाजू सारख्या असा त्रिकोण झाला तर प्रत्येक तारेवर ४६० किलोच्या आसपास. तारा आखूड घेऊन आणखी आडव्या केल्या आणि हुकाची उंची तारेच्या लांबीच्या निम्मी राहिली, तर प्रत्येक तारेवर पुरते ८००. त्याहून चपट्या केल्या, पाव उंचीच्या, तर प्रत्येकीवर १६००! शेडाची उंची कमी म्हणून आपण तारा आखूड बांधतो आणि मग 'चांगली तार होती, कशी तुटली' म्हणून डोके धरतो.

लेथ कुठे बांधावा? आधी मोटार, चक, टूलपोस्ट, सुटे होईल ते उतरवून घ्यावे. कॅरेज आणि टेलस्टॉक शेपटीच्या टोकाकडे सरकवून घट्ट करावेत, म्हणजे तोल हेडस्टॉककडून थोडा मध्ये येतो. पट्टा बेडच्या खालून, बेडच्या आडव्या पट्ट्यांपाशी घ्यावा, आणि लीडस्क्रू किंवा फीडरॉडवर त्याचा दाब येत नाही ना ते पाहावे. स्पिंडलला बांधू नये. धारेवर गोणपाटाची घडी घालावी. मोटारीच्या डोक्यावर जो गोल आय बोल्ट असतो तो फक्त मोटारीपुरता आहे, त्यात हूक घालून सगळा लेथ उचलायचा नाही. आय बोल्ट सरळ वर ओढला तरच आपली ताकद दाखवतो, आडवा ओढला की वाकतो. मग एक इंच उचलावे आणि थांबावे. विडी ओढणाऱ्याने विडी ओढावी एवढा वेळ. कुठे काय सरकते, कुठला पाय रुततो ते पाहावे. सगळे ठीक असेल तर पुढे, आणि तेही वीतभरच उंच. लेथ छातीच्या उंचीवर लोंबकळत नेण्यात कसली मर्दुमकी नाही.

पाथरीच्या मित्राला तीन मार्ग आहेत. पैसे असतील तर तालुक्याहून हायड्रा क्रेन बोलवावी, तासाभरात काम होते. दवाखान्याच्या बिलापुढे त्याचे भाडे मला कधी जास्त वाटले नाही. दुसरा, गावातला जेसीबी. पण बकेटच्या दातांवर साखळी टाकून उचलायचे असेल तर नको. बकेट जरा झुकली की साखळी दातांवरून घसरते.

तिसरा मार्ग आपल्या बापजाद्यांचा आणि मला सर्वात आवडणारा. उचलायचेच नाही. शेडाजवळ कोरड्या दिवसांत ट्रॉलीच्या चाकांसाठी उताराचे दोन चर असे खणावेत की ट्रॉली मागे घेतली की तिचा तळ जमिनीच्या बरोबरीला येईल. बांध सोयीचा असेल तर खणायचेही नको. मग ट्रॉलीच्या तळापासून शेडापर्यंत जाड फळ्यांची वाट करायची आणि दीड-दोन इंची पाइपांच्या तुकड्यांवरून लेथ ढकलत न्यायचा. इथे एक धोका आहे. ट्रॉली दोन चाकी असेल तर लेथ शेपटाकडे आला की दांडी वर उठते, आणि ट्रॅक्टर सोडलेला असेल तर ट्रॉली बैलगाडी उलार होते तशी उलटते. म्हणून ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवावा, ब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत आणि ट्रॉलीच्या शेपटाखाली ठोकळे गच्च बसवावेत.

पाइपवरून जाताना पुढे पहार घेऊन दोघे, बाजूला कोणी नाही. मागचा मोकळा झालेला पाइप उचलून पुढे ठेवणाऱ्याने पाइपाची टोके धरावीत, लेथखाली बोटे घालू नयेत. पाइप सरळ करायचा तर हातोडीच्या टोकाने. वाट जराशी उताराची असेल तर मागून दोर बांधून त्याचे दोन वेढे लिंबाच्या बुंध्याला द्यावेत. वेढे दिलेला दोर एक पोरगा सुद्धा धरू शकतो आणि लेथ त्याच्या मर्जीने इंच इंच उतरतो. पायात चप्पल नको, बूट हवेत. उपरणे, गळ्यातला लोंबता रुमाल, अंगठी, हातातला दोरा, कडे काढून ठेवावे. माझ्या अंगठीचे वर सांगितलेच.

आणि चक. आपला लेथ सुरू झाल्यावर तू तो रोज काढशील-घालशील. बेडवर आडवी बसेल अशी फळी कर, तिच्यावर मधोमध खोलगट खाच असलेला ठोकळा ठोक, उंची अशी की चक सुटला की जागच्या जागी त्या खाचेत बसावा. मग फळीसकट सरकवून घ्यायचा. काढण्याआधी मेन स्विच खाली आणि फ्यूज खिशात. आपल्याकडे लाईट गेली की लोक म्हणतात, चला तेवढ्यात चक बदलू. आणि बटण चालूच राहिलेले असते. लाईट परत यायला मुहूर्त लागत नाही. आट्यांचा चक मोटार उलटी फिरवून काढायचा नाही, जबड्याखाली लाकूड घालून हाताने पट्टा फिरवून सैल करायचा.

एवढे करूनही बोट सापडलेच तर हळद, चुना, ग्रीस काही भरू नये. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढावी, स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरावा आणि १०८ ला फोन करावा. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्यावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, त्याने ते गोठून निकामी होते.

पायासाठी काळी माती किती खणावी, मुरूम किती भरावा आणि लेव्हल कशी पाहावी, हे पुढच्या खेपेला सविस्तर देतो. तोवर लेथ आला तर ठोकळ्यांवर ठेव, घाईने पायावर बसवू नको. काट्याची पावती काय निघाली ते कळव, आणि त्याच पत्रात फळीचे मापही लिही.